माफीचा रकाना

मळवली
रविवार, ७ मार्च १९७१

श्रीपतीदादा,

सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज अचानक लिहिते आहे, म्हणून घाबरून जाऊ नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे दुखतात, आणि आबा शेटजींचा बंगला सांभाळता सांभाळता शेटजींपेक्षा जास्त मालक झालेत, एवढाच काय तो फरक.

तुझा भुसावळचा पत्ता कामशेतच्या गिरणीवाल्या कोंडाजीकाकांनी दिला. त्यांचा भाचा तिकडंच मालधक्क्यावर आहे म्हणे. तू हमालीवरून गुड्स क्लार्क झालास, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. सख्ख्या भावाची बातमी बहिणीला भाताच्या गिरणीत कळावी, याला काय म्हणायचं ते तूच म्हण.

आता माझी बातमी. पुण्याला एक नवी संस्था निघाली आहे. धंदा, कारखाना, कंपनी कशी चालवायची ते तिथं दोन वर्षं शिकवतात. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि शेवटी जागा फक्त चाळीस. मी फॉर्म भरला. होय, मीच, जिला तू गणितात ढ म्हणायचास ती. जानेवारीत लेखी परीक्षा झाली, त्यात मी पास झाले, आणि परवा संस्थेचं पत्र आलं की तुमची मुलाखत माफ करण्यात आली आहे.

पत्र इंग्रजीत. आबांनी तरी ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, घडी करून टोपीत ठेवलं आणि बंगल्याच्या फाटकात जाऊन उभे राहिले. जाईल येईल त्याला, "आमच्या रतनला सायबांनी न बघताच पास केली. म्हनले, हिला काय इचारायचं." असं कुणीही म्हटलेलं नाही. पण आबांना कोण सांगणार? काल तर भाज्याच्या लेण्यांची वाट विचारणाऱ्या दोन परक्या माणसांनाही वाट सांगायच्या आधी माझी मुलाखत सांगितली.

या घरात मुलाखत हा शब्द सहा वर्षं कुणी उच्चारला नव्हता, हे तुला सांगायला नको. तू लोणावळ्याला त्या कंपनीच्या मुलाखतीला गेलास, आबांनी तू परत यायच्या आतच पेढे वाटले, आणि तू येऊन एवढंच म्हणालास की मी एक शब्द बोललो नाही. त्यावर आबा भर ओट्यावर चारचौघांत म्हणाले, "तोंड शिवलं हुतं का तुजं?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू गेलास. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मला उठवलंसुद्धा नाहीस.

असो. मुलाखतीचं जे टेबल तुला आडवं आलं ते माझ्या वाटेत आलंच नाही, एवढं कळवायचं होतं. कळवलं. उत्तर दिलंस तर ठीक, नाही दिलंस तरी माझं काही अडत नाही.

रतन


मळवली
रविवार, २१ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तीन ओळी. "वाचून आनंद झाला. माफ झाली हे फार बरं झालं. त्या टेबलासमोर कुणी जाऊ नये." रेल्वेत तारा करून करून तुला शब्द मोजायची सवय लागली आहे वाटतं. तरी आईनं ते कार्ड माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. आबा तेव्हा मुद्दाम घरात नव्हते, म्हणजे दाराबाहेर उभे होते.

पण बरं झालं म्हणून तू लिहिलंस, ते बरं झालेलं नाही.

बुधवारी पदवीचं प्रमाणपत्र द्यायला मी संस्थेत गेले. तिथला कारकून भला माणूस. पान खातो आणि खरं बोलतो. माझा कागद हातात घेतला, नाव पाहिलं आणि उठून दुसऱ्या कपाटाकडं गेला. मी विचारलं, बाकीच्यांचे कागद इथं आणि माझा तिकडं का? तो म्हणाला, "ताई, तुम्ही माफीवाल्या. माफीवाल्यांचा गठ्ठा वेगळा असतो."

मग त्यानं समजावून सांगितलं. मुलाखतीला शंभर गुण आहेत. ज्यांची मुलाखत माफ, त्यांना ते शंभर गुण कागदावरून द्यायचे. पदवीला वर्ग कोणता, पदवीनंतर काय केलं, नोकरीचा दाखला आहे का. मी विचारलं, गेल्या वर्षी माफीवाले किती होते? एकतीस. त्यांतले घेतले किती? त्यानं एक बोट वर केलं.

माझे कागद तुला माहीत नाहीत, म्हणून सांगते. बी. कॉम.ला मला पास क्लास मिळाला. लोकल, भाताची लावणी आणि आईचं आजारपण यांतून पास झाले तेच पुष्कळ. पुढं चार वर्षं कोंडाजीकाकांच्या गिरणीत. पण काकांनी आजवर कुणाला नेमणुकीचं पत्र दिलेलं नाही. बैलांनाही नाही आणि मलाही नाही. म्हणजे कागदावर मी चार वर्षं घरी बसून मटार सोलले. असा कागद मीसुद्धा बाजूला ठेवला असता.

संस्था कुणाला माफी देते, का देते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्याच नशिबी आली.

आबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते परवा माझ्यासाठी लोणावळ्याहून पत्र्याची पेटी घेऊन आले. वर स्वतः पांढऱ्या रंगानं नाव घातलंय, आणि "रतन"मधला त खाली घसरलाय.

रतन


मळवली
रविवार, ४ एप्रिल

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. नशिबी वगैरे काही आलं नव्हतं. माफी मी मागून घेतली.

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर खाली एक ओळ होती. पुणे शहराबाहेरच्या उमेदवारांना येणं अडचणीचं असेल तर मुलाखतीतून सूट मागता येईल, आणि पुढं एक रिकामा चौकोन. मी पुण्याला चार वर्षं रोज लोकलनं गेले. मला कसली आली अडचण? तरी मी खूण केली. विचार न करता केली, दादा. हात आपोआप गेला. शाळेत फी-माफीचा रकाना, कॉलेजात फी-माफीचा रकाना, परीक्षेच्या फॉर्मवर तोच. आठवतंय ना, आपल्याला अक्षरओळख व्हायच्या आधी आबांनी काय शिकवलं? "माफीचा रकाना दिसला की आधी त्येच्यात खूण कर, मग बाकीचं वाच." तो धडा आपण दोघांनीही असा गिरवला की पुढं नुसता चौकोन दिसला तरी पेन थांबेना. शहरातल्या एकाही मुलानं तिथं खूण केली नसेल. त्यांना माफीची सवयच नाही.

म्हणजे ज्या सवयीनं मी बी. कॉम. झाले त्याच सवयीनं मी बाहेर पडणार आहे. आणि हे मी तुला फुशारकीनं कळवलं होतं. हस हवं तर.

गुरुवारी सगळं घरी सांगितलं. म्हटलं, मी अर्ज करून माफी परत करणार आहे, मला मुलाखत द्यायची आहे. आबांचा चेहरा असा झाला, जसं मी कुलदैवताला नारळ परत मागितला.

"मिळालेली माफी कोन परत करतं गं? येड लागलंय का तुला?"

मी म्हटलं, आबा, बोलावलं नाही तर मी जाणारच नाही तिथं.

"आन बोलवून न्हाई बोलता आलं तर? मी एकदा पेढं वाटून तोंडावर पडलोय. आता गावभर सांगून बसलोय. पुन्यांदा न्हाई मी पडनार."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माफीचा आबांना एवढा आनंद का झाला होता. मी पास झाले याचा नव्हे. टेबल टळलं याचा. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, तुम्हाला माझी काळजी नाही, तुमच्या तोंडाची आहे. असं बोलायला नको होतं, पण बोलले.

आई चुलीपाशी तांदूळ निवडत होती. ती कधी मधे पडत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी मान वर न करता म्हणाली, "शेतसारा माफ हुतो तो पीक बुडाल्यावर. आपली रतन कुटं बुडालीया?"

आबा उठून बाहेर गेले. जेवायला आले तेव्हा म्हणाले, "कर काय करायचं ते. मला इचारू नको." आपल्या घरात याला परवानगी म्हणतात.

शुक्रवारी अर्ज दिला. कारकून म्हणाला, "ताई, माफी मागायचा नियम आहे, परत करायचा नियम नाही. आजपर्यंत कुणी मागितलंच नाही." तरी अर्ज ठेवून घेतला.

आता एक मागणं आहे. त्या दिवशी लोणावळ्याला त्या खोलीत काय झालं, ते मला सांग. तू मुका नाहीस. गल्लीतल्या भांडणात तूच वकील असायचास. मला त्या खोलीत जायचं आहे, आणि आत काय असतं ते घरातल्या फक्त एका माणसाला ठाऊक आहे. तीन ओळींत उरकू नकोस.

रतन


मळवली
रविवार, १८ एप्रिल

दादा,

सात पानं. अंगणात बसून वाचली, मग परसात जाऊन पुन्हा वाचली.

तर तुला बोलता येत होतं. पहिले दोन प्रश्न तू सरळ सोडवलेस. तिसरा विचारणारा माणूस मान वर करून तुझ्याकडं बघायला लागला, आणि तो शेटजींच्या बंगल्यावर दिवाळीत उतरलेला पाहुणा निघाला. तुला ओळखून हसत बाकीच्यांना म्हणाला, अहो, हा आमच्या माळ्याचा मुलगा, चहा फर्मास करतो. सगळे हसले. कुणी वाईट हेतूनं हसलं नाही, असंही तूच लिहितोस. पुढं वडिलांचा व्यवसाय विचारला, आणि तू बोलला नाहीस. शेती म्हणून घोकलेलं उत्तर तुझ्या तोंडात होतं. ते दिलं असतं तर तो पाहुणा पुन्हा हसला असता, आणि माळी म्हटलं असतं तर तुला लाज वाटली असती. त्या लाजेची तुला नंतर इतकी लाज वाटली की घरी येऊन आबांच्या तोंडाकडं बघवेना. म्हणून एक शब्द बोललो नाही, एवढंच सांगितलंस आणि शिव्या खाल्ल्यास.

मला तुझा फार राग आला आहे. सहा वर्षं मी तुला भित्रा समजत होते आणि तू समजू दिलंस. आबांना वाईट वाटू नये म्हणून त्यांना मुलगाच दिसू द्यायचा नाही, हा कुठला हिशेब?

आबांना सांगणार नाही, असं वचन तू मागितलंस. देते. पण मला पटलेलं नाही.

माझ्या अर्जाला उत्तर नाही. मुलाखती २६ तारखेला, सोमवारी आहेत. मी जाणार. बोलावलेलं नसलं तरी जाणार.

रतन


मळवली
मंगळवार, २७ एप्रिल

दादा,

झाली मुलाखत. झाली रे बाबा. आता सावकाश वाच, कारण मी सगळं सांगणार आहे.

सकाळी नऊला जाऊन बाकावर बसले. आईची जांभळी इरकल नेसले होते. सगळी मुलं बुटांत, तीनच मुली, त्यांतल्या दोघी आपसांत इंग्रजीत बोलत होत्या. शिपाई यादी घेऊन आला. माझं नाव नव्हतं. तो म्हणाला, बाई, तुमचं काम नाही इथं. मी म्हटलं, माझं नाव दुसऱ्या कपाटात आहे, म्हणून मी इथं आहे. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं उठवलं नाही. दुपारी पानवाल्या कारकुनानं स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी आणून दिली आणि म्हणाला, "बसून राहा. उठलात तर संपलं."

साडेपाचला एक प्राध्यापक बाई बाहेर आल्या. शेवटचा उमेदवार आलाच नव्हता. त्यांनी मला विचारलं, तुम्ही सकाळपासून कुणासाठी थांबलात? मी म्हटलं, तुमच्यासाठी. आणि अर्जाची नक्कल पुढं केली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, आत गेल्या, काहीतरी बोलाचाली झाली, आणि मला आत घेतलं.

टेबल असतं, हे तू लिहिलंस ते खरं. पण दादा, ते टेबलच असतं. आपल्या गिरणीतल्या वजनकाट्याच्या फळीएवढंच रुंद. मधे संचालक, चष्म्यातले. डावीकडं कुठल्यातरी कारखान्याचे मॅनेजर, टाय लावलेले. उजवीकडं त्या बाई.

संचालकांनी पहिलाच प्रश्न केला की तुम्हाला आम्ही सवलत दिली होती, ती का नको? मी आईचं वाक्य जसंच्या तसं दिलं. म्हटलं, आमच्याकडं सारा माफ होतो तो पीक बुडालं की. माझं पीक उभं आहे. तुम्ही येऊन बघा आणि मग ठरवा.

टायवाले म्हणाले, ठीक आहे, मग या चार वर्षांत तुम्ही काय केलंत? इथं तर काहीच लिहिलेलं नाही. मी म्हटलं, तुमच्या फॉर्मात त्याला जागा नव्हती. आणि मग मी त्यांना गिरणी सांगितली. सुरुवात इंग्रजीत केली. भात निघालं की कामशेतला गाड्यांची रांग कशी लागते, शेतकरी दोन दोन दिवस बैल सोडून गिरणीच्या दारात कसे पडून असतात, आणि घाईनं ओलंच भात टाकलं की तांदूळ कसा मोडतो, निम्मी कणी कशी होते. मी आल्यावर प्रत्येक गावाला वार ठरवून दिला. ज्या गावाचा वार त्याच गावच्या गाड्या घ्यायच्या. आधीचे दोन दिवस त्यांनी भात उन्हात घालायचं आणि वाळलेलं घेऊन यायचं. दुसऱ्या हंगामात रांग मोडली आणि कणी निम्म्यानं कमी झाली.

टायवाले मान हलवत होते, पण जरा कंटाळूनच. असं सगळ्यांचंच छान झालेलं त्यांनी दिवसभर ऐकलं असणार. बाईंनी विचारलं, काही चुकलं नाही का?

आता खरं सांगू की नको, असं एक क्षण झालं. मग म्हटलं, चुकलं तर. पहिल्या हंगामात मी बेडसे गावाला सोमवार दिला होता. पहिल्या सोमवारी एक गाडी आली नाही. इंजिन चालू करून आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. दुसऱ्या सोमवारीही तेच. कोंडाजीकाका म्हणाले, शिकलेल्या पोरीला गिरणी दिली की असं होतं. शेवटी मी पायी बेडशाला गेले. पहिल्याच घरी म्हातारी म्हणाली, "बाय, सोमवारी आमचा मोडा."

इथं माझी इंग्रजी संपली. मोड्याला काय म्हणायचं ते सुचेना. थांबले. दादा, तुझी ती खोली मला एकदम आठवली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, मराठीत सांगा.

म्हटलं, मोडा म्हणजे आठवड्यातला एक वार बैलांना जुंपायचं नाही, औत धरायचं नाही, गाडी काढायची नाही. प्रत्येक गावाचा मोडा वेगळा, ज्याच्या त्याच्या देवाप्रमाणं. मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण गिरणीत कागद पुढं घेऊन वार वाटायला बसले तेव्हा कागदावर सगळे वार सारखेच दिसले. चूक बेडशाची नव्हती. मी त्यांना न विचारता त्यांचं ठरवलं होतं. मग मी अकरा गावं हिंडून मोडे विचारून आले आणि नवी यादी लावली.

टायवाल्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुढं सरकून विचारलं, दोन गावांचे मोडे एकाच दिवशी आले तर काय करता? आणि इंजिन बंद पडलं तर? पाव तासासाठी घेतलेलं मला, पाऊण तास झाला तरी प्रश्न संपेनात. माझे कान गरम झाले होते, पण भीती कुठं गेली ते कळलं नाही.

वडील काय करतात, तेही विचारलं. मी म्हटलं, मळवलीला बंगला सांभाळतात, माळीकाम करतात, आणि दोन पट्टे भात स्वतःचं आहे. कुणी हसलं नाही. हसले असते तरी मी बोलतच राहिले असते, हे तुला सांगायचं आहे.

शेवटी संचालक म्हणाले, तुम्हाला काही विचारायचं आहे? इथं मी गप्प उठायला हवं होतं. पण मला ते कपाट आठवलं. म्हटलं, तुमच्याकडं दुसऱ्या कपाटात आणखी किती फायली आहेत? ते म्हणाले, सव्वीस. मी म्हटलं, त्यांनीही माझ्यासारखीच सवयीनं खूण केली असणार. तुम्ही बेडशाला सोमवार दिलाय, सर. एकदा जाऊन विचारा तरी.

बाई माझ्याकडं बघून सावकाश म्हणाल्या, "जागा चाळीसच आहेत, हे लक्षात आहे ना? ते आले तर तुमच्या जागेसाठीच येतील."

मी म्हटलं, आहे लक्षात.

लोकलमध्ये तळेगाव येईपर्यंत स्वतःला शिव्या देत होते. कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? पण तळेगावनंतर हसूच यायला लागलं, आणि समोरची बाई जागा बदलून गेली.

रतन


मळवली
रविवार, ६ जून

दादा,

मिळाली जागा.

तार करणार होते, पण तारेत हे बसत नाही. काल यादी आली. चाळीस नावं. मी वरून वाचत गेले. दहा झाली, वीस झाली, तीस झाली, माझं नाव येईना. आबा शेजारी उभे राहून बोटं मोजत होते. एकोणचाळिसाव्याला मी थांबले. पुढचं वाचायचा धीर होईना. आबा म्हणाले, "थांबलीस का? चाळीस म्हनली हुतीस ना?" चाळिसावं नाव माझं.

आता दुसरं ऐक. यादीसोबत त्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी जोडली आहे. सव्वीसच्या सव्वीस माफीवाल्यांना मे महिन्यात मुलाखतीला बोलावलं. बावीस आले. मला धरून आठ माफीवाले घेतले. गेल्या वर्षी एक, यंदा आठ. अकराव्या नंबरावर आंबेगावकडचा येसू नावाचा कुणी आहे, तोही माफीवालाच. म्हणजे मी बोलावून आणला आणि तो माझ्याच पुढं एकोणतीस पावलं जाऊन बसला. भेटला की त्याला बघते.

आबांना मी शेवटच्या नंबराची जरा बिचकतच फोड करून सांगितली. ते म्हणाले, "खुर्च्या चाळीसच हायेत ना? मग चाळिसावी काय जमिनीवर बसती व्हय?" आणि टोपी घालून फाटकात निघाले. या खेपेला मात्र लोकांना खरं सांगत होते, मी कान देऊन ऐकलं. "आमच्या रतननं माफी परत केली. पाऊन तास बसवली तिला सायबांनी. एका परश्नाला अडली न्हाई." मोड्याला अडले होते, पण तेवढं चालतं.

मी इतकी खूश होते दादा, की त्या भरात तुझं वचन मोडलं. ते मुद्दाम मोडलं की खुशीत मोडलं, विचारू नकोस. संध्याकाळी आबा ओट्यावर बसून म्हणाले, "पोरगी बोलली. पोराच्या तोंडात मात्र देवानं जीभच न्हाई दिली." मला ते ऐकवेना. तुझी सातही पानं आणून त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. त्या पाहुण्याचं, चहाचं, आणि तू का बोलला नाहीस तेही. आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून ऐकत होती.

आबा झारी घेऊन बंगल्यावर गेले. कुंड्यांना पाणी घातलं, सकाळी घातलेलं असतानाही घातलं. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "चारचौघांत म्हनलो मी त्येला. त्यो माज्यासाठी गप बसला आन मी चारचौघांत म्हनलो."

थोड्या वेळानं म्हणाले, "कागद घे."

मी पेन काढलं. म्हटलं, काय लिहू, तुम्ही माफी मागता म्हणून?

"माफी न्हाई. माफी मागून आन देऊन ह्या घराचं लय झालं." मग मला विचारलं, "ती मुलाखत, मुलाखत म्हनत्यात ती म्हंजे शेवटी काय असतं गं? समोरासमोर बसून बोलायचं, येवढंच ना?"

मी म्हटलं, एवढंच.

"मग त्येला लिही. महिपतीनं मुलाखतीला बोलावलंय म्हनावं. येकोनीस तारखेच्या आत यायचं, रतन पुन्याला जायच्या आदी. आडचन बिडचन सांगू नको म्हनावं. तुजी माफ हुनार न्हाई."

जसं सांगितलं तसं लिहिलं आहे. खाली त्यांनी स्वतः सही केली आहे, तलाठ्याकडं करतात तशी, पूर्ण नावानं.

रतन

महिपती कुशाबा